सडपातळ माणसाचं हृदय

प्रभाचं काम सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं, आणि स्वभावही तोच. जर्मनीत नेकारसुल्म गावी नवीन असताना जिना झाडायच्या पाळीवरून ती शेजारच्या आजोबांशी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये अशी कडाडून भांडली की आजोबा पुढे तिला वचकून असत आणि नाताळात बिस्किटं आणून देत. त्याला वीस वर्षं झाली. जर्मन सुधारलं, राग होता तिथेच राहिला.

नवरा हरीश अगदी उलट. गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर, पण कधी आवाज चढवला नाही की कुणाकडे तक्रार केली नाही. त्याला मधुमेह होता. त्याचे वडील आणि थोरला भाऊ, दोघेही पन्नाशीत हार्ट अटॅकने गेले होते आणि हरीश आता त्याच वयाला आला होता. प्रभाच्या जिवाला घोर लागला होता तो याचा.

मधुमेहावरचं, वजन उतरवणारं ते आठवड्याचं इंजेक्शन हृदयालाही जपतं, हे तिने वाचलं होतं. म्हणून ती हरीशला घेऊन नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी स्क्रीनवर नजर टाकली. साखर आटोक्यात, वजन बेताचं.

"पण हे तर सडपातळ आहेत!" बाई हसून म्हणाल्या. "यांना कशाला हवंय?"

प्रभाचा पारा चढला. "आमची माणसं सडपातळ असतात आणि तशीच हार्टने जातात. तुमचे वजनाचे तक्ते तुमच्या अंगापिंडावर बेतलेत. आशियाई लोकांच्या हृदयाला या औषधाचा जास्त फायदा होतो म्हणतात ना?"

"काही अभ्यासांत तसं दिसलंय," बाई सावधपणे म्हणाल्या. "पण त्यांत आशियाई माणसं फार थोडी होती. ठामपणे नाही सांगता येत."

"गेल्या वर्षी अशाच एका अभ्यासासाठी तुम्हीच यांचं नाव सुचवलंत. तिथून वजन कमी म्हणून परत पाठवलं! आधी दारातून हाकलायचं आणि मग म्हणायचं, आलेच थोडे? ही कुठली रीत?"

बाईंचे कान लाल झाले. त्या हरीशकडे वळल्या. "तुम्हाला काही त्रास? दम लागतो का? घरात हृदयविकार नाही, असं तुम्ही मागे सांगितलंय."

"नाइन, नाइन," हरीश हसला. "आलेस गूट."

नाही म्हणे, सगळं ठीक! प्रभाच्या अंगाची लाहीलाही झाली. "अहो!" ती मराठीत कडाडली. "जिन्यात बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने थांबता ते काय असतं? आणि बाबा कशाने गेले? दादा कशाने गेले?"

"आपल्या लेकीचं, अन्वीचं लग्न व्हायचंय अजून," हरीश पुटपुटला. "घरातलं दुखणं बाहेर कशाला..."

"या बाई काय तिला स्थळ आणणार आहेत?"

मग हरीशने सांगितलं. खाली मान घालून, अडखळत, जर्मनमध्ये. वडील, भाऊ, जिना, छातीवरचा दाब. बाईंचं हसू मावळलं. त्यांनी तिथल्या तिथे ईसीजी काढायला सांगितला, हृदयतज्ज्ञांना स्वतः फोन लावला आणि म्हणाल्या, "इंजेक्शनचा विचार आता नव्याने करायला हवा."

प्रभाला हायसं वाटायला हवं होतं. तिला फक्त संताप आला, दोघांचाही.

"आणि मी आले नसते तर?" तिने बाईंना जर्मनमध्ये विचारलं. मग नवऱ्याकडे वळून तेच मराठीत विचारलं.