सुट्टीचे पैसे पेन्शनीत

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायको होती तेव्हा तिलाही नाही. मुलगा पुण्याला असतो, रविवारी फोन करतो, तब्येत विचारतो — त्याला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असेल कदाचित.

पोलिसात होतो मी. सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. शेलूला नव्या इमारती झाल्यात, त्यातल्या एकीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. सकाळी सगळी इमारत मुंबईकडे कामाला निघून जाते आणि मग संध्याकाळपर्यंत जिन्यात पाऊल वाजत नाही. सणाच्या दिवशी मात्र सगळे घरात असतात. शेजारच्या दारातून तळणीचा वास येतो, पोरं हसतात. त्या दिवशी मी दार लावून घेतो. सण मला सोसत नाहीत — आणि ते एकटेपणामुळे नाही. म्हणजे त्यामुळेही असेल. पण मुळात ते दुसऱ्याच गोष्टीमुळे आहे. तीच सांगायची आहे, आणि बघा, मी इमारतीच्या गोष्टी सांगत बसलोय.

नोकरीची शेवटची बरीच वर्षं मी खालापूर भागातल्या एका ठाण्यात काढली. कोणी कुठे उभं राहायचं, कोणाला कधी सुट्टी द्यायची, हे लावायचं काम माझ्याकडे होतं. हाताखालचे शिपाई मला 'मेजर' म्हणायचे. आमच्या भागाचं एक आहे — जगाला सुट्टी लागली की आमची कंबर मोडते. शनिवार-रविवारी फार्महाउसवाले येतात. पावसात धबधब्यांवर पोरं येतात. माघात महडला गणपतीची रांग लागते, एकतीस डिसेंबरला घाटात गाड्यांची. दिवाळी, गणपती, होळी — ज्या दिवशी घरी असावं त्याच दिवशी माणसं लागायची, आणि त्या दिवशी यायला कुणीच राजी नसायचं. मग रोज माझ्या टेबलापुढे रडगाणी. कुणाची आई आजारी, कुणाच्या बहिणीचं लग्न. ज्याची सुट्टी मोडायची तो महिनाभर तोंड फिरवून बसायचा. आणि माणूस कमी पडला, तर मला स्वतःला उभं राहावं लागायचं.

काशिनाथ तिथं शिपाई होता. मूळचा साजगावचा, भातशेतीवाल्या घरातला. शांत माणूस. त्याला एकच मुलगी, पमी. जन्मापासून तिची समज अडलेली. सहा-सात वर्षांची झाली तरी चार-पाच शब्दांपलीकडे बोलायची नाही, पण माणूस ओळखायची. बाप घरी यायच्या वेळेला उंबऱ्यावर येऊन बसायची, असं तो सांगायचा. सांगताना त्याचा चेहरा असा व्हायचा, की बघणाऱ्यानं दुसरीकडे बघावं.

एकदा दिवाळीच्या तोंडावर मी ड्युट्या लावत बसलो होतो. दोन माणसं कमी पडत होती. त्यातला एक मीच होणार, हे दिसत होतं. तेवढ्यात काशिनाथ आला आणि टेबलाशी उभा राहिला.

"मेजर, एक इचारू का? सुट्टीच्या दिशी काम केल्यावर जो भत्ता मिलतो ना, तो पुढं पेन्शनीत धरतात का?"

मला माहीत होतं. पगाराचे कागद माझ्या हाताखालून जायचे, मला पक्कं माहीत होतं. पेन्शन ठरते ती शेवटच्या मूळ पगारावर. सुट्टीच्या कामाचा भत्ता त्या महिन्यात मिळतो आणि तिथंच संपतो. तो मूळ पगारात मिसळत नाही, त्यातून फंडासाठी काही कापत नाहीत आणि पेन्शनीच्या हिशेबात त्याला जागा नसते. हे सांगायला किती वेळ लागला असता? एक श्वास.

मी म्हणालो, "धरतात की. जेवढं जास्त काम, तेवढी पुढं पेन्शन जास्त."

तो म्हणाला, "मंग या दिवालीला मला लावा. माझ्या मागं माझ्या पोरीला कोन बघंल ओ? आमी किती दिस हाय? पेन्शन बघंल तिला."

हे त्याला कुणीतरी बरोबर सांगितलं होतं — अशा मुलाला आई-बापांच्या माघारी पेन्शनीचा वाटा मिळत राहतो. म्हणून पेन्शन वाढावी, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. त्यानं ते मला तोंडानं सांगितलं. म्हणजे मी कुणाशी आणि कशावरून खोटं बोललो, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. नंतर कळलं, असं मी म्हणू शकत नाही.

आणि मी त्याचं नाव लावलं. त्या दिवाळीला मी घरी होतो.

तुम्हाला वाटेल, एका दिवाळीचं काय एवढं? मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं — पुढच्या वेळेस सांगू, गमतीनं बोललो होतो म्हणू. पण पुढची वेळ आली तेव्हा तो आपणहून आला. "मला लावा, मेजर." गणपतीत तो. होळीला तो. साप्ताहिक सुट्टी मोडायची असली की तोच. ठाण्यातले सगळे खूश होते. साहेब म्हणायचे, तुमचं नियोजन चांगलं आहे. मी मान डोलवायचो. त्या सुट्ट्यांचं मी घरी काय केलं, विचारा. झोपलो. टीव्ही बघितला. बायको म्हणायची चला कुठेतरी, आणि मी म्हणायचो आज जरा पडू दे.

कार्तिकात साजगावची जत्रा भरते, सुक्या मासळीची मोठी जत्रा. एका वर्षी मी काशिनाथला तिथंच लावलं. त्याच्याच गावात, गणवेशात, काठी घेऊन. मी साहेबांबरोबर गाडीतून फेरीला गेलो होतो, म्हणून ते डोळ्यांनी पाहिलं. गर्दीत पलीकडे त्याची बायको पमीचा हात धरून उभी होती. पमीनं बापाला ओळखलं आणि हात सोडवून पळत सुटली. माणसं बाजूला झाली. ती येऊन त्याच्या पायाला मिठी मारून बसली. काशिनाथनं साहेबांच्या गाडीकडे बघितलं. मग वाकून त्यानं तिची बोटं एकेक करून सोडवली. "जा गं बाय. जा आईकडं. मी येतो," म्हणत होता. ती ओरडत होती. आई येऊन तिला ओढत घेऊन गेली.

साहेब म्हणाले, "कोण आहे ही?" मी म्हणालो, "गावातली कुणीतरी असेल, साहेब."

का म्हणालो असं? त्याची मुलगी आहे म्हटलं असतं, तर साहेबांनी त्याला तासभर सोडलंही असतं. साहेब वाईट नव्हते. पण मग त्यांनी विचारलं असतं, आज याची सुट्टी कशी मोडली? मला तो प्रश्न नको होता.

पुढे आमच्याकडे एक तरुण पोलीस मुलगी बदलून आली. नव्या पेन्शनवाली. या नव्या लोकांच्या पगारातून दर महिन्याला पेन्शनीसाठी रक्कम कापतात, त्यामुळे त्यांचं तिकडे बारीक लक्ष असतं. तिनं बोलता बोलता काशिनाथला सांगितलं, की सुट्टीच्या भत्त्यातून आमचं काहीच कापत नाहीत, आणि जे कापत नाहीत ते पुढं मिळणार कुठून? काशिनाथ त्या दिवशी दुपारी माझ्याकडे आला. खुर्ची ओढून बसला. तो कधी माझ्यासमोर बसत नसे.

"मेजर, ती पोरगी म्हनते, धरत नाय."

देवानं — देव म्हणा, नशीब म्हणा — मला खरं बोलायची दुसरी संधी दिली होती. इतकी वर्षं गेली होती, पण त्याच्या नोकरीचीही काही वर्षं शिल्लक होती. पमी तेव्हा चौदा-पंधराची असेल. मी खरं बोललो असतो तर तो काय करणार होता? दोन शिव्या दिल्या असत्या. बोलणं सोडलं असतं. आणि पुढची दिवाळी घरी केली असती.

मी म्हणालो, "काशिनाथ, तिची नवी पेन्शन. तुझी-माझी जुनी. आपलं वेगळं असतं."

पहिल्या वेळी तोंडातून निघून गेलं, असं एखादा म्हणेल. या वेळी मी विचार करून बोललो. जुनी-नवी हा फरक खरा होता, म्हणून त्याला ते पटेल हे मी जाणून होतो. खऱ्याचा तुकडा घेऊन मी खोटं शिवलं. तो उठला. म्हणाला, "मला वाटलंच. तुमी कशाला खोटं सांगाल?"

हे वाक्य मी शेलूच्या या घरात किती वेळा ऐकलंय, सांगू नाही शकत.

तो माझ्या वर्षभर आधी निवृत्त झाला. पेन्शन ठरून आली ती त्याच्या बरोबरीच्या कुणाही शिपायाला येते तेवढीच. त्याला वाटलं, कुठेतरी चूक झाली असेल. मला म्हणाला, "मेजर, संगं चला ना, आपल्याला बोलता येत नाय." आणि मी गेलो. हो, गेलो! पेणवरून एसटीनं अलिबागला, जिल्ह्याच्या कचेरीत, त्याच्या शेजारी बसून. त्यानं बरोबर तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं आणलं होतं, माझ्यासाठीही. वाटेत मला वाटत होतं, आता बोलावं. पेण गेलं. वडखळ गेलं. बोललो नाही.

तिथला बाबू चांगला माणूस होता. त्यानं समजावून सांगितलं — "काका, भत्ता तो भत्ता. तो तुम्हाला तेव्हाच मिळाला. पेन्शन मूळ पगारावर." काशिनाथनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता म्हणेल, यांनी सांगितलं होतं. त्यानं बाबूला हात जोडले आणि बाहेर आला.

बाहेर झाडाखाली आम्ही उभे राहिलो. तो म्हणाला, "तुमाला पन कोनीतरी चुकीचं सांगलं होतं, मेजर. आपून दोघं पन फसलो."

मी म्हणालो, "हो रे. फसलो."

मला अपराधी ठरवायचं सोडून त्यानं मला आपल्या शेजारी उभं केलं होतं. आणि मी तिथं जाऊन उभा राहिलो. इतक्या सहज सोडलं मी स्वतःला.

निवृत्तीनंतर तो साजगावला घरीच असे. मी एकदा गेलो होतो, त्यानं फार बोलावलं म्हणून. पमी एकोणीस-वीस वर्षांची झाली होती. आईच्या मागे मागे फिरायची. तो ताटात भात कालवून तिला हाक मारायचा, ती यायची नाही. त्यानं घास पुढे केला की आईकडे बघायची. त्याच्या बायकोनं, सुमनवहिनींनी, ताट हातात घेतलं तेव्हा ती जेवली. काशिनाथ हसून म्हणाला, "तिला मी पाव्हना वाटतो. होईल सवय." मी म्हणालो, होईल. तो रोज तिच्यासाठी काहीतरी आणायचा, वहिनी सांगत होत्या — बांगड्या, फुगे. ती घ्यायची आणि आत निघून जायची.

सवय व्हायला वर्षं लागली असती. तेवढी त्याला मिळाली नाहीत. गेल्या भाद्रपदात छातीत कळ आली आणि खोपोलीला नेईपर्यंत संपलं. आता पेन्शनीचा वाटा वहिनींना मिळतो, त्यांच्यानंतर पमीला मिळेल. भत्ता न धरता जेवढा होतो, तेवढा.

तेराव्याला मी गेलो होतो. ओटीवर पानं मांडली होती. जेवायला बसायच्या आधी वहिनी बाहेर आल्या. पमी त्यांच्या पदराला धरून होती. वहिनी म्हणाल्या, "तुमी व्हता म्हनून त्यांची नोकरी सुखाची झाली भावजी. घरात सारखं तुमचं नाव घ्यायचे. मेजरनी सांगलं म्हंजे बरोबर, असं म्हनायचे."

पमी माझ्याकडे बघत होती. तिला मी कोण ते माहीत नव्हतं. मला ती कोण ते माहीत होतं, आणि मी तिथं, तिच्यासमोर, सांगू शकलो असतो. ओटीवर तेव्हा मी आणि त्या दोघी, एवढेच होतो.

मी हात जोडले. वहिनी आत गेल्या. त्यांच्या भावानं मला हाताला धरून पानावर बसवलं आणि मी जेवलो. भात पुन्हा वाढायला आला, तेव्हा नको म्हटलं नाही.