घंटीची वायर

सहा वर्षांपूर्वी मी जेमतेम बासष्ट वर्षांची पोर होते आणि मला सगळंच कळत होतं.

सून आयटीआयमध्ये वायरमनचं शिकलेली. तिनं मागच्या खोलीत सोलरच्या बॅटरीवर अंडी उबवायची पेटी मांडली. तीस गावरान अंडी, तिचा पहिलाच घाणा. एकोणिसावा दिवस उजाडला, पिल्लं दोन दिवसांवर आली आणि आभाळ भरून बसलं.

सकाळी ती एसटीनं राळेगावला गेली. माझा जीव थाऱ्यावर राहीना. ऊन नाही, बॅटरी पुरेल का? मग डोकं चाललं. नळ बारीक केला की पाणी कमी जातं. बॅटरीपासून पेटीपर्यंतची जाड वायर काढून बारीक लावली, तर पेटी वीज बेतानं खाईल! दारावरच्या जुन्या घंटीची वायर खुंटीला होतीच. लावली. स्वतःवर काय खूश झाले!

थोड्या वेळात पेटीचा दिवा लागे, विझे, पुन्हा लागे. आतली ऊब उतरू लागली. मी अंगणात, खोलीत, पुन्हा अंगणात. पेटीवर गोधडी टाकली, काढली, परत टाकली. वायरीला मात्र हात लावला नाही. हुशारी माझी होती ना!

दुपारी सून आली.

"आई, हे वायर कोनं लावली?"

"बॅटरीच उतरून राह्यली वाटते."

तिनं मीटर लावलं. "बॅटरी चांगली हाय. पेटीतली ऊब सांभाळते त्या कंट्रोलच्या डबीले हीटर ठरल्याएवढा तापवाच लागते. व्होल्टेज कमी भेटलं का ते जास्त करंट ओढते. मंग बारीक वायरीत व्होल्टेज अजून पडते. शेवटी बंद पडते, दम खाते, पुन्हा तेच."

"आपला जुना बल्ब तर कमी भेटलं का गुमान कमी खाये."

"तो बल्ब होता. हे तुमच्यासारखी हाय. चहा अर्धा कप देल्ला का दोनदा मांगते."

जाड वायर परत बसली, दिवा स्थिर झाला.

"केव्हापासून चालू होतं असं?"

'आत्ताच' जिभेवर आलं होतं. "तू गेली तवापासून," मी म्हटलं.

तिनं पेटीवरची गोधडी काढून घडी घातली. दोन दिवस मी दारातूनच डोकावत राहिले.

बावीस पिल्लं निघाली. उरलेली आठ तिनं आणखी एक दिवस ठेवली. मी त्यांच्यापाशी बसले, उठले, बसले. एकही फुटलं नाही.

"आठ-धा तर कोनाचीबी जाते," सून म्हणाली.

खरंच जातात, की ते माझ्यासाठी होतं, हे मी अजून विचारलेलं नाही.