रस्त्यापलीकडचा पाहुणा

आमच्या भांडुपच्या घरात बिबट्यांच्या लग्नाची काळजी सगळ्यात जास्त आईला होती. तिच्या डोक्यात ती मीच घातली. दर रविवारी मी स्वयंसेवक म्हणून जंगलात जाते, वाटांवर लावलेल्या कॅमेऱ्यांतले फोटो घरी आणते आणि अंगावरच्या ठिपक्यांवरून कुठला बिबट्या कोण ते ओळखते. एकदा बोलता बोलता तिला म्हटलं, आपलं जंगल इमारतींनी आणि हमरस्त्यांनी वेढलंय, बाहेरून नवा नर येत नाही. असंच चाललं तर नात्यातच जोड्या जुळतील आणि पिल्लं कमजोर निघतील.

"म्हणजे भावकीतच लगीन?" आईने हातातली सुरी खाली ठेवली. "असा चलता नाय गो!"

हसू आलं, पण माझी भीती तीच होती. आदल्या वर्षी पलीकडच्या जंगलातून येणारा एक नर हमरस्त्यावर गाडीखाली गेला. मी त्याला पाहिला होता. नंतर कॅमेऱ्यात वाकड्या शेपटीचं एक पिल्लू दिसलं. नात्यातल्या जोड्यांच्या पिल्लांत अशी शेपटी कधीकधी दिसते. शेपूट कशात तरी अडकून मोडली असेलही, पण माझ्या मनात पाल चुकचुकलीच.

म्हणून यंदा अनोळखी ठिपक्यांचा नर दिसल्यावर मी थांबलेच नाही. ग्रुपवर टाकलं, "नवा आला!" पाच मिनिटांत आमच्या गटप्रमुख बाईंचा फोन.

"अगं, हा उजव्या अंगाचा फोटो आहे. आपल्या म्हाताऱ्या नराचा आपल्याकडे फक्त डावा आहे. दोन्ही अंगांचे ठिपके वेगळे असतात, हे तूच नव्यांना शिकवतेस ना?"

उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! वाटेवर समोरासमोर दोन कॅमेरे लावतात ते त्यासाठीच. पण दुसरा माकडांनी फिरवून ठेवला होता, त्यात नुसतं आभाळ. म्हणजे हा आमचा म्हाताराच असू शकत होता. ग्रुपवर माझी यथेच्छ चेष्टा झाली. चेष्टेचं काही नाही, पण हातातली आशा गेली याचं फार वाईट वाटलं.

कॅमेरा नीट बांधला आणि वाट पाहत बसलो. आई दर रविवारी दारातच विचारायची, "इलो काय?"

दीड महिन्याने तो आला, दोन्ही अंगांनी. डावी बाजू म्हाताऱ्याशी जुळेना. बाईंनी फोटो पलीकडच्या जंगलात काम करणाऱ्यांना पाठवले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"त्यांच्याकडचाच आहे गं. लहानपणीचे फोटो आहेत त्यांच्याकडे. रस्ता ओलांडून जिवंत आलाय!"

मी स्वयंपाकघरात खालीच बसले आणि रडले. इतकं हलकं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

आईने हात धुतले आणि देवापुढे उभी राहिली. बाबा गेल्यापासून घरातलं गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढचं आमचं मालवणी मागणं, तीच घालते. मागे उभं राहून बाकीच्यांनी होकार भरायचा असतो, पण मी लांबूनच ऐकते, मध्ये पडत नाही.

"बा देवा म्हाराजा, पाहुणो सुखरूप इलो, तसोच तेका सांभाळ. आणि तेची पोरां मोठी झाली काय तेंकाय भायर जावक वाट दी, म्हाराजा."

त्या पोरांचा विचार मी अजून केलाच नव्हता. मी उठून तिच्या मागे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "व्हय म्हाराजा!"