माणशी चाळीस शिंपले

कारखान्यात त्यांना सगळे गेजसाहेब म्हणत; गेज म्हणजे माप तपासायचं हत्यार. अडतीस वर्षं फिटर होते आणि केसाएवढा फरक दिसला तरी माल परत फेकत. पुढे निवृत्त झाले, बायको गेली, गुडघे गेले. मोजमापाची सवय तेवढी राहिली. सुंभ जळला तरी पीळ जातो थोडाच!

समुद्रकिनारा सगळ्यांसाठी खुला होता, पण नियम कडक होते. मोठ्या ओहोटीला वाळू उघडी पडली की परवानेवाल्यांनी माणशी चाळीस शिंपले काढायचे. तेही स्वतःच्या हाताने, स्वतःच्या बादलीत. लोखंडी कडीतून आरपार जाईल तो शिंपला लहान, तो परत वाळूत. कालवं जागेवरच फोडायची आणि कवचं तिथेच टाकायची, कारण पिल्लं जुन्या कवचांनाच चिकटून वाढतात. आणि निघताना खड्डा बुजवायचा. नाहीतर उपसलेल्या वाळूच्या ढिगाखाली लहान शिंपले गुदमरून मरतात.

हा शेवटचा नियम गेजसाहेबांनी मुलाला चांगलाच शिकवला होता. दहा वर्षांचा असताना तो एकदा खड्डा तसाच टाकून निघाला, तेव्हा त्यांनी त्याला त्याच खड्ड्यात उभं केलं, भरती कंबरेला लागेपर्यंत. "आता कळलं गुदमरणं म्हणजे काय?" एवढंच विचारलं. मुलगा रडला नाही. त्याचाही त्यांना राग आला होता.

आता तोच मुलगा दर मोठ्या ओहोटीला त्यांना न चुकता बरोबर न्यायचा. घरात दोन शब्द बोलायचा नाही, पण त्या दिवशी खुर्ची, टोपी, औषध सगळं तयार.

"चला बाबा, आटपा," सून म्हणायची. "तुमचे चाळीस वाट बघताहेत."

आपण म्हणजे घरासाठी जादा चाळीस शिंपले, हे गेजसाहेबांना कळत होतं. तरी ते जायचे. खुर्चीतून खाली सरकून तीन दातांच्या पंजाने पाच-सहा शिंपले काढायचे. उरलेली बादली मुलगा भरायचा. डॉक्टरचा दाखला आणला तर अपंगाचा परवाना मिळतो, मग दुसऱ्याने खणलं तरी चालतं, हे त्याने दोनदा सांगून पाहिलं होतं.

"मी अपंग नाही. माझे मी खणतो," गेजसाहेब म्हणायचे. महिन्यातला तो एक तास त्यांचा होता. तेवढ्यापुरते ते कोणाचं ओझं नव्हते.

एका ओहोटीला तपासणीवाल्या बाई आल्या. वयाने तरुण, बोलायला मऊ.

"आजोबा, ही बादली तुमची?"

"माझी."

"यातले तुम्ही किती काढलेत?"

"सगळे त्यांनीच," मुलगा मध्ये पडला. "हात बघा, अजून यंत्र आहेत."

"सहा," गेजसाहेब म्हणाले.

"घ्या!" सून पुटपुटली. "हरिश्चंद्र बसलेत खुर्चीत."

बाईंनी परवाना हातात घेतला. तो आता रद्द व्हायचा. पण म्हाताऱ्याकडे बघून त्या विरघळल्या. "माझ्यासमोर एक काढून दाखवा, आजोबा. मग काही म्हणणार नाही."

गेजसाहेब खाली बसले. वाळूतलं बारीक भोक त्यांनी लगेच ओळखलं. पंजा टाकला, बोटं घातली, ओढलं. शिंपला निघाला, पण पंजाच्या दाताने फुटलेला. दुसरा निघाला, तो कडीतून खाली पडला. त्यांनी तो परत वाळूत ठेवला, वरून वाळू सारली आणि उठायला गेले. गुडघे हलेनात.

"हात दे रे."

मुलगा कमरेवर हात ठेवून उभा होता. "स्वतःच्या हाताने, बाबा. नियम आहे ना?"

सून फिस्सकन हसली. शेवटी बाईंनीच काखेत हात घालून त्यांना उठवलं. "दाखला आणा, आजोबा," त्या हळूच म्हणाल्या. "त्यात लाज कसली?"

दाखला आठवड्यात मिळाला. वाकणे, उठणे, पकडणे: असमर्थ. गेजसाहेबांनी तो तीनदा वाचला. मापात कुठे चूक नव्हती.

नव्या परवान्यात एकच अट होती, परवानेवाला नजरेच्या टप्प्यात हवा. पुढच्या ओहोटीला मुलाने गाडी वाळूच्या कडेला लावली, वडिलांना आतच ठेवलं, काचा वर केल्या. खुर्ची आणलीच नव्हती. नवराबायकोने तिन्ही बादल्या भरल्या. गुडघाभर खड्डा आणि शेजारी वाळूचा ढीग तसाच टाकून दोघं परत आली.

मुलाने दार उघडताच गेजसाहेब ओरडले, "खड्डा बुजव!"

"तुमच्या चाळीसांचा खड्डा आहे तो," मुलगा शांतपणे म्हणाला. "तुम्हीच बुजवा."

त्याने दार सताड उघडून धरलं. गेजसाहेबांनी एक पाय बाहेर टाकला, दाराला धरून जोर लावला. पुन्हा लावला. ढीग पन्नास पावलांवर होता. पाय त्यांनी हाताने उचलून आत घेतला.

"निघू या का?" सुनेने विचारलं.

"थांब, घाई काय आहे," मुलगा म्हणाला. त्याने दार लावलं, पुढे येऊन बसला, आणि भरतीचं पाणी खड्ड्यात शिरेपर्यंत गाडी सुरू केली नाही.