मॅग्निफिसंटची बारा कार्डं

माझे मोठे दीर जाऊन आता बरीच वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं, असं घरातले सगळे मला बजावतात. बोलले असते. पण चार ओळींपुरता तरी ऐवज हाती लागायला हवा ना.

शब्दकोशाच्या कचेरीत ते एका विभागाचे प्रमुख होते. म्हणजे एक खोली, तीन टेबलं आणि भिंतभर लाकडी खणांत उभी लावलेली कार्डं. कार्डावर इंग्रजी शब्द, मराठी अर्थ, त्याचं मूळ, तो कुठल्या पुस्तकात, कितव्या पानावर, कुठल्या वाक्यात सापडला ते, आणि कोपऱ्यात शोधणाऱ्याची सही. भावजींचं अक्षर सुरेख होतं, हे मान्य. बाकी नुसता रुबाब. पंचवीस वर्षांत त्यांनी स्वतः शोधून काढलेलं एक कार्ड मला कुणी दाखवावं. त्यांचा लाडका शब्द मॅग्निफिसंट. नवा चष्मा मॅग्निफिसंट, स्वतःचं भाषण मॅग्निफिसंट, एकदा तर स्वतःच्या छातीचा एक्स-रेसुद्धा.

माझी धाकटी बहीण त्याच खोलीत तात्पुरत्या नेमणुकीवर होती. आई-वडील नव्हते, म्हणून राहायची आमच्याकडे, म्हणजे भावजींच्याच घरात. नोकरी कायम झाली तरच तिला वेगळी खोली घेता येणार होती. "मी चिकटवली म्हणून चिकटली," हे भावजी दिवसाआड जेवताना ऐकवत. ती मान खाली घालून जेवायची.

नेमका तोच शब्द तिच्या वाट्याला आला. लॅटिनमधले दोन तुकडे, 'मोठं' आणि 'करणं', हे तिला पहिल्याच दिवशी मिळालं. दुसरी कुणी तिथेच थांबली असती. हिने जुनी पुस्तकं उपसून दाखवलं की हा शब्द आधी माणसाच्या करणीला, सढळ हाताला लावत. महाल आणि देखावे मागाहून आले. चष्मे तर फारच मागाहून. अशी बारा कार्डं झाली. मुख्य संपादक महिनाअखेर येऊन ती बघणार आणि तिच्या नोकरीचं ठरवणार होते.

आदल्या आठवड्यात भावजींनी बाराही कार्डं आपल्या सुरेख अक्षरात उतरवली, कोपऱ्यात आपली सही ठोकली आणि तिची फाडून टाकली.

"तुझं अक्षर साहेबांपुढे ठेवण्यासारखं नाही," ते तिला म्हणाले. "आणि घरातल्या घरात तुझं-माझं कसलं?"

"मग सही तरी माझी ठेवायची होती."

"फार बोलायला लागलीस."

मी पदर खोचून भांडायला निघाले, तर तिनेच अडवलं. "ताई, तू मधे पडलीस तर माझी नोकरीही जाईल आणि हे घरही."

संपादक आले. पुढचं मला बहिणीने सांगितलं, आणि शेजारच्या टेबलावरच्या टायपिस्टबाईंनी चवीने पुन्हा सांगितलं. चौथं कार्ड उचलून ते म्हणाले, "हे वाक्य मी कुठे पाहिलं नाही. पुस्तक आणा." ज्याची सही, त्याने पुस्तक आणायचं, ही तिथली रीत. भावजी पुस्तकांच्या खोलीत गेले ते अर्ध्या तासाने हात हलवत आले. बाइंडरने त्या पुस्तकावर चुकून गुरांच्या रोगांवरच्या पुस्तकाचं कव्हर चढवलं होतं. बहिणीने तशी नोंद कार्डाच्या तळाशी केली होती. भावजींना ती फालतू वाटली, म्हणून उतरवताना गाळली.

"कुणीतरी नेलंय," ते कपाळ पुसत म्हणाले. "या मुलींना वस्तू जागेवर ठेवायची सवयच नाही."

बहीण उठली, गुरांचे रोग घेऊन आली आणि नेमकं पान उघडून संपादकांपुढे ठेवलं. त्यांनी पान वाचलं, पुस्तक मिटून कव्हर पाहिलं.

"तुम्ही हे वाचलंत तेव्हा वर नाव काय होतं?" त्यांनी भावजींना विचारलं.

"कव्हराकडे माझं लक्ष नसतं, साहेब. मी आशय बघतो."

"बरं. मग आशय आहे तसाच ठेवून ही बारा कार्डं पुन्हा लिहा. कोपरा कोरा सोडा, सही या करतील. अक्षर तुमचं चांगलं आहे."

त्यांनी लिहिली. संध्याकाळपर्यंत बसून, एकेक वेलांटी घोटून, एकेक कार्ड तिच्याकडे सहीला सरकवत.

पंधरा दिवसांनी कायम नेमणुकीचं पत्र आलं. "शेवटी माझ्याच अक्षराने तारलं तुला," भावजी जेवता जेवता म्हणाले. बहिणीने शांतपणे आणखी भात वाढून घेतला. रविवारी ती नव्या खोलीत राहायला गेली. पत्ता तिने घरात सगळ्यांना लिहून दिला, एक त्यांना सोडून.