स्थळाचा फोटो

ताईचा स्थळासाठी फोटो काढायचा ठरला, तेव्हा वडील आम्हा दोघी बहिणींना केंदूरहून शिरूरच्या स्टुडिओत घेऊन गेले.

आईचा लग्नाआधीचा फोटो घरात होता. खुर्चीत ताठ बसलेली, हात गुडघ्यांवर, डोक्यावर पदर, भरलेला चेहरा. तेव्हा अंगानं भरलेली मुलगी म्हणजे खात्यापित्या घरची. ताईच्या वेळेपर्यंत सगळं पालटलं होतं. स्टुडिओतल्या पोस्टरांवरच्या बायका सडपातळ, गोऱ्यापान, मान कलती. फोटोवाल्यानं ताईलाही तशीच मान कलवायला लावली. त्यानं नवा कॉम्प्युटर आणला होता.

फोटो आला तो आईनं दारात उजेडाला धरून पाहिला. ताईचा सावळा रंग गेला होता, गालावरचा तीळही. ही आपली पोर न्हाई, असं ती पुटपुटली. हल्ली सगळेच असले फोटो देतात, असं म्हणून वडिलांनी तो राहू गावच्या एका स्थळाकडे पाठवला.

तिकडूनही मुलाचा फोटो आला. निळा कोट, टाय, मागे बर्फाचे डोंगर. कोटाची कॉलर आणि मान यांच्यामध्ये एक बारीक पांढरी रेघ होती. ताईनं त्या रेघेवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

पाहुणे आले ते एका रविवारी. मुलाची आत्या फोटो हातातच घेऊन बसली होती. ताई पोहे घेऊन आली, तशी ती एकदा फोटो बघे, एकदा ताईला. मग तिनं ताईला अंगणात उन्हात नेलं, पदराचं टोक तांब्यात भिजवलं आणि सगळ्यांदेखत ताईचा गाल पुसला. पावडर निघते का ते बघायला. काहीच निघालं नाही. वडील खाली बघत राहिले. मला वाटलं, ताई आता रडेल.

ताई म्हणाली, "आत्या, फोटो दुकानात गोरा झालाय. मी हाय ती अशी." मग मुलाकडे वळून, "तुमचा कोट कुठं हाय?"

मुलगा आधी दचकला, मग हसला. "कोट न्हाई माझ्याकडं. तो दुकानातच घातला."

आत्या काही हसली नाही. तरी चार दिवसांत निरोप आला, मुलगी पसंत आहे. आईला बरं वाटलं. मला मात्र शंका आली. एवढं होऊन हे लोक हो का म्हणतात? ताईला शंका नव्हती. ती चुलीपुढे भाकरी थापत होती, तिथूनच वडिलांना म्हणाली, "पोरगा वाईट न्हाई, आप्पा. पर आज गाल पुसला, उद्या काय पुसतील?"

वडील दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतः राहूला जाऊन नकार देऊन आले.

नंतर आमच्याकडेच संशयानं बघितलं जाऊ लागलं. पोरीचं कुठं काही आहे का, असं बायका आईला आडून विचारत. दोन वर्षांनी ताईचं लग्न खुटबावच्या एका घरात झालं. त्या घरानं फोटो मागितलाच नव्हता. का मागितला नाही, याचीही आम्ही आधी चौकशी करून घेतली.