पोडियमवरचं तळं

तळं आम्ही एकदाच बांधलं, पण त्याचे किस्से दोन वर्षं साचतायत. परळच्या आमच्या सोसायटीत कुणाकडे पाहुणे आले की आधी तळं दाखवायला नेतात, आणि चहा गार होईपर्यंत कुणीतरी सांगत बसतं. बहुतेक वेळा मीच.

चाळ पाडून टॉवर झाला तेव्हा बाग मिळाली ती पार्किंगच्या छतावर, पोडियमवर. तिथे तळं हवं हा परबकाकांचा हट्ट. काका गिरणीतले रिटायर्ड फिटर. "चौदाव्या मजल्यावर नेऊन ठेवलंत, पाण्याजवळ बसायला तरी मिळू दे," म्हणाले. सेक्रेटरींनी हो म्हटलं, पण अट घातली. एक जरी लेखी तक्रार आली, तर तळं तोडायचा विषय जनरल बॉडीत जाणार.

* * *

बाग कमिटीतले राणे उत्साही. पहिल्याच मीटिंगमध्ये म्हणाले, "दोनेक फूट खणू या."

सेक्रेटरी म्हणाले, "खणा की. खाली माझी गाडी असते."

म्हणून न खणता, वरच कठडा उभारून बांधायचं ठरलं. इंजिनियरने वजन पेलेल अशी, बीमवरची जागा दाखवली. काका उलट खूश. "बरा झाला. नायतरी माझे गुडघे वाकत नाय. कठड्यावर बसान."

* * *

दुकानदाराने फायबरच्या तयार तळ्यांचा कॅटलॉग दिला. सगळ्यात सुंदर होतं ते किडनीच्या आकाराचं. राणेंचं नुकतंच मुतखड्याचं ऑपरेशन झालेलं.

"याच आकाराने मला महिनाभर झोपू दिलं नाही," ते म्हणाले. "आता रोज सकाळी फिरायला येऊन तेच बघू?"

शेवटी विटांचं चौकोनी बांधलं, आत जाड प्लॅस्टिकचं अस्तर घातलं.

* * *

पाणी भरलं तर एका बाजूला काठोकाठ आणि दुसऱ्या बाजूला चार बोटं कमी! सेक्रेटरी गंभीरपणे म्हणाले, "परब, पाणी तिरकं भरलंय."

काकांनी लेव्हलची नळी आणून दोन्ही टोकांना लावली. "पाणी सरळच असतां, साहेब. तुमचो पोडियम तिरको हा."

त्यानंतर बिल्डरला गेलेल्या पत्रात पुरावा म्हणून तळ्याचा फोटो जोडला होता.

* * *

आणि मग व्हायचं तेच झालं. पहिल्या मजल्यावरच्या सामंतवहिनींनी लेखी तक्रार दिली, डास वाढले म्हणून. महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसातला माणूस टॉर्च घेऊन आला. तळ्यात गप्पी मासे होते, अळी एकही नव्हती. मग तो वहिनींच्या घरी गेला. त्यांच्या मनीप्लांटच्या बाटलीत अळ्या वळवळत होत्या.

वहिनी म्हणाल्या, "तुमच्या तळ्यातलेच डास वर येऊन अंडी घालून गेले."

तक्रार काही मागे घेतली नाही. गणपतीनंतरच्या जनरल बॉडीत विषय लागला. काकांनी कठड्यावर बसणंच सोडलं. बागेत यायचे, लांबूनच बघून जायचे. मला फार वाईट वाटायचं.

* * *

दीड दिवसांच्या विसर्जनाला मी पोडियमवर होते, काकाही लांब उभे होते. लिफ्टमधून सामंतवहिनी आल्या, हातात पाटावर शाडूची छोटी मूर्ती. मागे व्हीलचेअरवर त्यांच्या सासूबाई. बाहेरच्या कृत्रिम तलावापाशी रांग रस्त्यापर्यंत गेलेली, आणि स्वतःच्या हाताने विसर्जन केल्याशिवाय सासूबाई ऐकायला तयार नाहीत.

वहिनी काकांकडे न बघता म्हणाल्या, "चालेल का हो?"

"दोन मिनिटां थांब," काका म्हणाले. "मासे बादलीत काढतंय."

कठडा बरोबर व्हीलचेअरच्या हाताशी आला. सासूबाईंनी बसल्या जागेवरून मूर्ती पाण्यात सोडली आणि पाणी शांत होईपर्यंत हात जोडून होत्या. संध्याकाळपर्यंत आणखी सात घरांचे गणपती तिथेच गेले.

अनंत चतुर्दशीनंतरच्या रविवारी जनरल बॉडी. सेक्रेटरींनी वाचलं, "विषय क्रमांक तीन. पोडियमवरील तळं हटवणे."

सगळ्यात आधी सामंतवहिनी उभ्या राहिल्या. "बाप्पाचं विसर्जन झालेली जागा तोडायची? कुणी दिलाय हा अर्ज?"

सेक्रेटरींनी अर्जाखालची सही पाहिली. चष्मा काढला, पुसला, परत लावून पाहिली. मग कागदाची घडी करून खिशात टाकली.

"विषय क्रमांक चार," ते म्हणाले. "लिफ्टचा पंखा."